टँकर आला की मिटणारे डोळे

लातूर जिल्हा नवा होता, तेव्हाच्या दुष्काळात, तिथल्या एका दवाखान्यात, एका म्हातारीचा मिटलेला डोळा बर्फाने उघडला. मी बातमीसाठी तिथे गेलो होतो.

अहमदपूरकडच्या खेड्यातून सून तिला घेऊन आली होती. म्हातारी बोटाने पापणी वर धरूनच बोलायची. सकाळी ती ज्वारी निवडायची. संध्याकाळी टँकर आला की डोळे मिटायचे, हातांनी घागर उचलवायची नाही.

"पाण्याचं नाव काढलं की हिला झोप येती. गल्लीत सगळे म्हणत्यात, सोंग करती," सून म्हणाली.

डॉक्टरांनी रसवंतीवरून बर्फ मागवला आणि फडक्यात गुंडाळून उजव्या पापणीवर धरला. फडके काढले, तर पापणी वर! शेजारच्या खाटांवरचे रुग्ण उठून आले.

"आत्याबाई, उघडला की वो डोळा!" सून ओरडली.

डॉक्टर म्हणाले, रोगांशी लढणारी शरीराची शक्तीच नसा आणि स्नायूंच्या जोडावर उलटली आहे. म्हणून दिवस चढतो तसे स्नायू थकतात; गारव्याने तो जोड थोडा वेळ सुधारतो. हा आजार उतारवयातही होतो, त्यावर औषध आहे.

म्हातारी सुनेला म्हणाली, "आता गल्लीत सगळ्यांना सांग, मी सोंग करत न्हवते."

थोड्या वेळाने पापणी पुन्हा उतरली. त्या संध्याकाळी औषधाची पहिली गोळी सुनेने तिला आपल्या हाताने दिली.