मोहाखालचा पाला

सात वर्षांपूर्वी आमच्या गावची टेकडी जळाली. ती राखणदाराच्या बिडीने जळाली, असे वनसमितीच्या वहीत लिहिले गेले. ते अक्षर माझे होते. मी समितीचा सचिव होतो, कारण गावातल्या माझ्या वयाच्या माणसांत अक्षर माझेच बरे होते. ते वाक्य खोटे आहे हे लिहिताना मला ठाऊक होते. आता वय शहात्तर आहे, गुडघे गेले आहेत, आणि काय घडले ते मी नीट लिहून ठेवतो आहे.

आमचे गाव नाकाडोंगरीहून आत, जंगलाच्या कडेला आहे. टेकडी गावाच्या मालकीची. ती आमच्या लहानपणी दाट होती. आम्हीच तरुणपणी सरपणासाठी ती बोडकी केली, तेव्हा कुणाला काही वाटले नाही. पुढे पाऊस बदलला. रोवणीसाठी रोपांचे पऱ्हे टाकले की महिनाभर आभाळ कोरडे, आणि धान कापून कडपा शेतात पसरल्या की असा कोसळायचा, की पडल्या जागी लोंब्यांना कोंब फुटायचे. टेकडीवर अडवायला काही नसल्यामुळे पाणी धावत खाली येई आणि बोडीत, म्हणजे आमच्या शेततळ्यात, नुसता गाळ साचे. तेव्हा सभेत ठरले, की टेकडी पुन्हा झाडांनी भरायची. तीही खाता येईल अशा झाडांनी: मोह, चारोळीचा चार, आवळा, बेहडा. त्यांच्या सावलीत हळद आणि अळूसारखी कोचई. धान गेले तरी पोटाला काही राहावे.

हे काम करणारा माणूस एकच होता. माझा लहानपणचा सोबती. शाळेत तो दोन वर्षे बसला असेल, पण कोणते बी कधी पेरायचे ते त्याच्याइतके कुणाला कळत नसे. पिशवीतल्या रोपांवर त्याचा विश्वास नव्हता. "पिशवीतलं रोप म्हंजे पावना गा," तो म्हणायचा. "दोन उन्हाळे काढत नाही. बी जिथं पडलं तिथंच रुजलं पाह्यजे." मोहाचे बी म्हणजे टोरी. ती पडल्याबरोबर आठवडाभरात मातीत जावी लागते, नाहीतर मरते. चारोळीचे कवच जरा तडकवून लावावे लागते. हे सगळे तो करायचा, आणि समितीने त्यालाच राखणदार नेमल्यावर दिवसभर टेकडीवरच असायचा. पाच पावसाळ्यांत झाडे कमरेवर आली. बोडीचे पाणी उन्हाळ्यात टिकू लागले.

माझे एक मोहाचे झाड धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आहे, टेकडीला अगदी लागून. आमच्याकडे फुले गळायच्या आधी मोहाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की पांढरी फुले पटापट वेचता येतात. सगळे जाळत आले, माझा बाप जाळायचा. टेकडी राखायची ठरली तेव्हा समितीने नियम केला, की मोहाखाली आग लावायची नाही, पाला झाडून घ्यायचा. तो नियमही मीच लिहिला होता.

त्या वर्षी माझी बायको जाऊन चार महिने झाले होते. पाला झाडायची ती, वेचायचीही तीच जास्त. माझी कंबर धरली होती. एका सकाळी मी काडी ओढली. पाला चुरचुर जळून गेला. कडेने मी फांदीने विझवले, पितळी गुंडीभर पाणी मारले आणि घरी आलो. झाडापलीकडे एक जुने खोड पडलेले होते, त्याच्याकडे पाहिलेच नाही. खोड आतून धुमसते, धूरसुद्धा दिसत नाही, हे गावात पोरासोराला माहीत असते.

दुपारी वारा सुटला आणि टेकडी पेटली. आम्ही सगळे फांद्या घेऊन धावलो, पण पाच वर्षांचे रान तासाभरात गेले. संध्याकाळी मी धुऱ्यावर गेलो. खोड राख झाले होते आणि त्याच्यापासून वर टेकडीकडे काळा पट्टा गेला होता. मी पायाने राख पसरली.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. सोबती मधोमध बसला होता. हाताला फोड आले होते. कुणीतरी विचारले, "वर बिडी पेत होता का नाही?"

"पेत होतो," तो म्हणाला.

"इझवली होती?"

"इझवली असंन," तो म्हणाला. "इझवतोच मी. पन आता सांगता येत नाही."

एवढे पुरले. माझ्याकडे वही आली आणि मी लिहिले. त्याला काढून टाकावे लागले नाही. तो आपणहून घरी बसला. त्याने बिडी सोडली. टेकडीकडे तोंड करून चालायचेही सोडले. त्याच्या बायकोला बोअरिंगवर बाया टोमणे मारीत, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. मी तोंड उघडले नाही. आधी वाटले, थोडे निवळू दे. मग वाटले, आता फार उशीर झाला. असे म्हणता म्हणता सात वर्षे जातात, त्यात काही कष्ट पडत नाहीत.

या उन्हाळ्यात गावातल्या बायकांच्या गटाने टेकडी पुन्हा हाती घेतली. मागच्या दोन वर्षांत लावलेली पिशवीची रोपे सगळी वाळली होती. गटाची अध्यक्ष तिखट तोंडाची बाई आहे, नात्याने माझी सून लागते. ती माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"मामाजी, तुमी समजावा त्या बुढ्याले. आमी तीनदा जाऊन आलो. टोरी पडाले महिना रायला. तो नाही आला त हेही वर्स गेलं."

"काय म्हणते तो?"

"म्हंते, ज्यानं जाळलं त्यानं लावू नये."

मी गप्प राहिलो तर टेकडीही जाणार होती, आणि त्याच्याजवळचे सगळे बियांचे शहाणपण त्याच्याबरोबरच जाणार होते. सकाळी त्याच्याकडे गेलो. अंगणात दोघे नवरा-बायको लाखोळीची डाळ पाखडत होते.

"या भाऊजी, चाय मांडतो," ती म्हणाली.

मी उभ्यानेच म्हणालो, "टेकडी तुझ्या बिडीनं नाही जळली."

"मंग काय तुया बापानं जाळली?" तो हसला.

"मी जाळली."

त्याने हातातले दाणे खाली ठेवले. मला वाटले आता शिव्या देईल. त्याने विचारले, "कोनत्या जागी?"

"माझ्या मोहाखाली. पाला जाळला होता."

"पानी?"

"एक गुंडी."

"अन् ते पडलेलं खोड?"

"पाहिलं नाही."

त्याने डोळे मिटले. मग हळू हळू बोलू लागला, माझ्याशी नाही, स्वतःशीच. "वारा तुया बाजूनं येऊन रायला होता. मी बसलो होतो वर, मोठ्या गोट्यापाशी. माया बिडीची आग पलीकडं उतरली पाह्यजे होती. ते खालून आली. सात वर्स मी हाच हिसाब करून रायलो. मले वाटे, मलेच वारा समजत नाही आता. मलेच आठवत नाही, बिडी कुठं फेकली त. जंगलातला मानूस मी, अन् मले वारा समजत नाही." त्याने माझ्याकडे पाहिले. "तुले मालूम होतं?"

"त्याच संध्याकाळी."

त्याची बायको सूप उचलून घरात गेली. चहा आला नाही.

"मले सांगून काय फायदा गा?" तो म्हणाला. "मले मालूम झालं आता. तिथं सांग, जिथं लिहिलं."

पुढच्या सभेत मी सांगितले. जुनी वही मागवली, ते पान काढले, वाक्य खोडले, खाली खरे लिहिले आणि सही केली. मला वाटत होते गाव अंगावर येईल. मागे बसलेला एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना जी, आता कोनाले पडलं आहे!" दोघे-तिघे हसले आणि पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. अध्यक्षबाई तेवढी माझ्याकडे पाहत राहिली. "मामाजी," ती म्हणाली, "सात वर्स तुमी त्याच झाडाचे मोहफूल खाल्ले?"

खाल्ले होते.

सोबत्याने निरोप तिच्याबरोबरच पाठवला. येतो म्हणाला. पण तो वर असेल तेव्हा मी टेकडीवर पाय ठेवायचा नाही. त्याच्या घरीही यायचे नाही. मी कबूल केले, नाही म्हणायला तोंड कुठे होते?

आता पाऊस लागला आहे, थोडाफार. या वर्षी हलक्या, लवकर येणाऱ्या धानाचे पऱ्हे टाकले आहेत. रोवणीला अवकाश आहे, मी धुऱ्यावर तूर टोचत असतो. बायका टोपल्या घेऊन वर जातात, आणि त्याचा आवाज खालपर्यंत येतो. "अवं बाई, टोरी आडवी ठेव! उभी काहून खुपसून रायली, खुंटा ठोकून रायली का?" बाया हसतात. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नाही, मधे खोकला येतो. पण वारा पाहून कोणत्या उतारावर ओल धरायला पाला टाकायचा ते तो पुन्हा सांगू लागला आहे.

आठवड्यातून दोन दिवस तो वर जात नाही. त्या दिवशी मी जातो आणि त्याने लावलेल्या जागांभोवतीचे गवत उपटतो. कुणी सांगितलेले नाही. हे त्याला माहीत आहे का, मला ठाऊक नाही. वाटेत भेटलो तर तो मान वळवून निघून जातो.