पठाणाला पत्रा

आष्ट्याच्या सुतारगल्लीत हरिबाने जहाज करायला घेतलं, तेव्हा गावाने त्याला सरळ वेड्यात काढलं. काढणारच की! समुद्र बघायचा तर अख्खा घाट उतरून जावं लागतं, आणि हा गडी आष्ट्यात बसून हातभर लांबीची गुराब करतोय. गुराब म्हणजे जुन्या मराठी आरमारातलं टोकदार तोंडाचं लढाऊ जहाज. डोलकाठ्या, शिडं, तोफांच्या खिडक्या, सगळं हुबेहूब, फक्त लहान. चावडीपुढे बसणारे टगे विचारायचे, पाण्यात कधी सोडणार, विहिरीत की गुरांच्या डोणीत? हरिबा नुसता हसायचा. दाखवायचा मात्र कुणालाच नाही. अर्धं काम लोकांना दाखवलं की त्याला दृष्ट लागते, हा त्याचा हट्ट. जहाज घरात कणगीमागे वाकळेखाली झाकलेलं असायचं, आणि ते डोळ्यांनी बघितलेली दुनियेत दोनच माणसं होती, तो आणि त्याची बायको साळूबाई.

हे खूळ आलं कुठून, ते सांगायला पाहिजे. मिसरूड फुटायच्या वयात हरिबा बापाशी भांडून घाट उतरून गेला होता. रत्नागिरीकडच्या एका खाडीवर म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली त्याने ऐन उमेदीची वर्षं मचवे बांधण्यात घालवली. बाप गेल्यावर परत आला आणि गाडीची चाकं, कुळव, दारं-चौकटी यांतच म्हातारा होत चालला. पण हात विसरत नाही, आणि जीभही विसरत नाही. खाडीवरच्या सुतारांची भाषाच वेगळी. जहाजाच्या तळाला एक लांबलचक वासा असतो, त्याच्यावरच सगळा सांगाडा उभा राहतो. जहाजाचा कणाच म्हणा ना. त्या वाशाला ते लोक ‘पठाण’ म्हणतात. का म्हणतात, देव जाणे. हरिबाने एकदा विचारलं, तर मिस्त्रीने, तू चौकशी करायला आलायस की रंधा मारायला, म्हणून झापलं होतं. आधी पठाण आडवा पाडायचा, त्याच्यावर बरगड्या उभ्या करायच्या, आणि शेवटी बुडाला तांब्याचा पत्रा ठोकायचा. नाहीतर समुद्रातला किडा लाकूड खाऊन टाकतो.

सांगलीचे चिंतामणराव म्हणून पेन्शनर मास्तर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या घराच्या चौकटीचं काम करताना हरिबाने हे सगळं बोलता बोलता सांगितलं. तात्यांना जुन्या आरमाराचं भारी वेड. मला एक गुराब करून दे, म्हणाले. झालं! हरिबाला तेवढंच पाहिजे होतं.

साळूबाईने सुरुवातीला तोंड सोडलं. लोकांच्या गाड्या मोडून पडल्यात आणि हे लहान पोरासारखं काय मांडलंय, असं म्हणायची. पण पुढे तीच जास्त रमली. लेक पलूसला दिलेली, घर रिकामं. दोऱ्याला मेण लावून ती जहाजाचे दोर वळायची, लाकडाला तेल द्यायची. पठाणाला तेल पाजलं का, म्हणून हरिबा विचारायचा, आणि पाजलं, ढेकर दिला त्याने, म्हणून ती सांगायची. त्या घरात तो शब्द मीठ-मिरचीसारखा झाला होता. तिथेच घात झाला.

कारण बाहेरचे दिवस वाईट होते. त्रेचाळीस साल. तारा तुटत होत्या, गावोगाव पोलीस उतरले होते, कितीतरी घरांतली तरणी पोरं रानात परागंदा होती. रानातली ही पोरं सरकारच्या खबऱ्यांच्या तळपायाला पत्री मारतात, अशी बोलवा होती. पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडाची चपटी पट्टी. त्या एका शब्दाची सरकारने अशी धास्ती घेतली होती की लोक बैलाला पत्री मारायची असली तरी नालबंदाला खुणेने सांगायचे. दिवस मावळला की दारं बंद. कोण कुणाचा, कळत नव्हतं.

गावाबाहेर सांगलीच्या रस्त्याला लाकडाची एक वखार होती. तिच्या राखणीला एक पठाण होता, हाडामासाचा खरोखरचा पठाण. लोक त्याला खानसाब म्हणायचे. एका बाजाराच्या दिवशी सागवानाचा तुकडा निवडण्यावरून हरिबाची आणि त्याची जुंपली. हरिबा एरवी गरीब गाय, पण लाकडापायी त्याचं डोकं फिरायचं. भर बाजारात, तुला बघून घेईन, असं त्याच्या तोंडून गेलं. पुढच्या आठवड्यात खानानेच आपणहून एक झकास तुकडा बाजूला काढून ठेवला, दोघे बाजेवर बसून चहा प्याले, भांडण मिटलं. पण ते कुणी बघितलं नाही. भांडणाला गाव जमतं, समेटाला कुत्रं थांबत नाही.

आणि मग खानसाब नाहीसाच झाला. बाज तिथेच, तांब्या तिथेच, आणि काठीसुद्धा भिंतीला टेकलेली. काठीशिवाय तो वखारीच्या फाटकापर्यंतसुद्धा जायचा नाही. विहिरी धुंडाळल्या, नदीकाठ बघितला, पत्ता नाही. कुणी म्हणालं मुलखाला गेला, कुणी म्हणालं कुणीतरी उचलला. लोक वखारीवरून जाताना तोंड फिरवून झपाझप चालायला लागले.

नेमक्या त्याच दिवसांत हरिबाच्या जहाजाचं बूड पुरं झालं. त्याला कोण आनंद! सांगलीच्या मोटारीचा कंडक्टर भाऊसो ओळखीचा. मोटार सुटायच्या बेतात असताना हरिबाने खालूनच, सगळ्या उतारूंदेखत, मोठ्या आवाजात त्याच्याकडे निरोप दिला.

"भाऊसो, तात्यास्नी तेवढं सांग. पठाणाला पत्रा ठोकलाय. पाडव्याला घिऊनच येतो, तवर कुणापाशी बोलू नगा म्हणावं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मोटार सुटली तेव्हा तो पत्रा होता, सांगलीच्या नाक्यापर्यंत त्याची पत्री झाली. ‘ध’चा ‘मा’ व्हायला पेशवाईच लागते असं नाही. तात्यांना निरोप पोचलाच नाही. तो भलतीकडेच पोचला.

दोन दिवसांनी हरिबाला भर बाजारातून उचललं. पत्रा म्हटलं काय नि पत्री म्हटलं काय, फौजदाराच्या लेखी एकच. ठाण्यात त्याने हरिबाला त्याचंच वाक्य ऐकवलं, आणि तू असं म्हणालास का, एवढंच विचारलं. हरिबा खरं बोलणारा माणूस. म्हणालो, म्हणाला. पण पठाण म्हणजे लाकूड, असं त्याने सांगितल्याबरोबर फाडकन कानाखाली बसली. फौजदार देशावरचा, त्याने खाडी कधी बघितली नव्हती. आपण जन्मभर मराठी बोलतोय आणि हा सुतार आपल्याला पठाण म्हणजे लाकूड शिकवतो, याचा त्याला भारी राग आला. बाजारातलं भांडण त्याला कळलेलं होतंच. गल्लीतल्या लोकांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं, जहाज करतोय असं ऐकून हाय, बघितलं न्हाई. खोटं कुणीच बोललं नाही, आणि तेच हरिबाच्या मुळावर आलं. खून शाबीत झाला तर फाशी, असं फौजदाराने त्याला स्वच्छ सांगितलं.

त्याच दिवशी दोन शिपाई त्याच्या घरी गेले. साळूबाई दारात तांदूळ निवडत होती. नवऱ्याला धरलंय, म्हणून त्यांनी सांगितलं आणि दरडावून विचारलं, "पठाण कुठाय?"

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पत्रा ठोकलेला पठाण कुठे लपवलाय, बोल. उद्या फौजदारसाहेब स्वतः पंच घेऊन झडतीला येणार. पठाण या घरात सापडला, तर तुझा नवरा फासावर गेला म्हणून समज. एवढं सांगून ते निघून गेले. साळूबाईने उठून दार आतून लावून घेतलं.

कोठडीत हरिबाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला पाठवलेला माणूस तात्यांचं सांगणं घेऊन आला. तात्यांनी अंग झाडलं नव्हतं, हे त्या काळात मोठंच म्हणायचं. मी जहाज सांगितलं होतं, अशी कबुली त्यांनी दिली. मात्र ते मी अजून बघितलेलं नाही, आणि पठाण शब्दाचं मला काही ठाऊक नाही. जहाज असलं तर माणूस खरा, असं समजा.

फौजदाराने थोडा विचार केला. तसा तो अगदीच दुष्ट नव्हता. हरिबाला म्हणाला, "चल घरी. जहाज दाखव, मी तुला तिथंच सोडतो. नाही दाखवलंस, तर मग मला पुढं काही सांगू नकोस."

हरिबाच्या जिवात जीव आला. भर उन्हात बेडी घालून त्याला गावातून चालवत नेलं, तरी त्याला त्याचं काही वाटेना. बायका दारातून आत सरकत होत्या. कालपर्यंत हाक मारणारा केरबा लोहार भात्याकडे तोंड करून बसला. बसू दे, हरिबाने मनात म्हटलं. पंच म्हणून पोलीस पाटील हंबीरराव बरोबर होते, ते मान खाली घालून चालत होते. हरिबा मात्र वाटेने सगळं मनात घोळवत होता. वाकळ अशी काढायची. जहाज हलक्या हाताने उलटं करायचं, डोलकाठ्यांना धक्का लागता कामा नये. आणि बुडावर बोट ठेवून म्हणायचं, हा बघा सायेब, पठाण. फौजदारालासुद्धा हसू येईल, असं त्याला वाटत होतं.

गल्लीच्या वळणावर त्याने घर बघितलं. जेवणवेळ टळून गेली होती, तरी कौलांतून धूर येत होता. त्याची पावलं भराभर पडायला लागली. अंगणात आल्यावर तेलकट सागवानाचा वास नाकात शिरला. तो वास त्याने जन्मभर हुंगलेला, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. तरी त्याचं मन म्हणत होतं, ढलप्या असतील, रंध्याच्या सालप्या असतील.

साळूबाई चुलीपाशी उभी होती. हात कोपरापर्यंत काळे, डोळे सुजून लाल. कणगीमागे वाकळ घडी घालून ठेवली होती. हरिबा त्या घडीकडे बघतच राहिला. ती त्याच्याजवळ आली आणि शिपायांना ऐकू जाऊ नये अशा बेताने हळूच म्हणाली, "घाबरू नगा आता. म्या समदं निस्तारलंय."

हरिबाने तिच्या हातांकडे बघितलं. एवढ्यात फौजदाराने विचारलं, जहाज कुठाय? हरिबाची नजर चुलीवर खिळली होती. मग फौजदाराचीही तिकडे गेली. त्याने काठीने राख ओढली. राखेतून बारीक खिळे निघाले, आणि पत्र्याचे बोटाएवढे तुकडे निघाले, जाळाने काळेठिक्कर पडलेले, प्रत्येकाला खिळ्यांची भोकं. फौजदाराने ते हंबीररावांपुढे धरले. हंबीररावांच्या दावणीला सहा बैल होते. त्यांनी तुकडे बघितले आणि ते एक पाऊल मागे सरले.

"पत्री आहे, खिळे आहेत," फौजदार अगदी शांतपणे म्हणाला. "आता पठाण कुठाय, तेवढं सांग."

हरिबाने तोंड उघडलं. सायेब, हेच ते जहाज, असं तो म्हणणार होता, पण चुलीत आता जहाज म्हणून ओळखावं असं काही राहिलं नव्हतं. तेवढ्यात साळूबाई त्याच्या पुढे येऊन उभी राहिली. आयुष्यात पोलिसापुढे कधी न बोललेली बाई. पदर खोचून ती म्हणाली, "त्यास्नी का इचारताय? त्यास्नी कायबी ठावं न्हाई. पठाण म्या जाळला. ह्या हातांनी फोडला आन् जाळला."

शिपायांनी एकमेकांकडे बघितलं. हंबीररावांनी कपाळाला हात लावला. अगं, लाकूड गं ते, लाकूड, असं हरिबा ओरडायला लागला, पण त्याचं ऐकायला आता कुणीच तयार नव्हतं. फौजदाराने पंचनाम्याला कागद मागवला आणि बाईचं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. पाटलांनी खाली सही केली.

बेडी एकच आणलेली होती. शिपायाने तिची एक कडी हरिबाच्या हातात ठेवली आणि दुसरी साळूबाईच्या काळ्या हातात अडकवली. बाहेर गल्ली माणसांनी भरली होती. घराचं दार कुणीतरी ओढून घेतलं. चालताना साळूबाईचा पाय लुगड्यात अडकला, तेव्हा हरिबाने तिला सावरलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. रात्रभर रडलेली होती, पण तोंडावर समाधान होतं.

"लय जिवावर आलं वो फोडताना," ती म्हणाली. "पर आता सोडत्याल न्हवं तुमास्नी?"

हरिबाने गल्लीतल्या माणसांकडे बघितलं, पुढे चाललेल्या फौजदाराच्या पाठीकडे बघितलं. ती उत्तराची वाट बघत होती.

"व्हय," तो म्हणाला. "सोडत्याल की."