आवाज डिझेलचा

मेव्हण्याचा एक्स-रे होईपर्यंत मी सावंगीच्या दवाखान्यात एका बाकावर टेकलो होतो. समोर ऑपरेशन थिएटर. शेजारी एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर. जन्मभर डिझेलवर मालगाड्या चालवलेले. आत त्यांची बायको होती. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी इंजिन समजावायला घेतलं.

"लोकाइले वाटते डिझेल चाकं फिरवते. नाई. ते जनरेटर फिरवून फक्त वीज बनवते. खाली चाकापाशी मोटारी असतात, त्या विजेवर चालतात. गाडी ओढतात त्या. दिसत बी नाईत."

"मग एवढा आवाज कशाचा?"

"डिझेलचा. आमच्या घरी बी तसंच. आवाज माहा, ओढलं हिनं."

मग त्यांनी रेल्वेची शिस्त सांगितली. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात वर करून तो मोठ्यानं सांगायचा आणि सहायकानं तेच परत म्हणायचं. बोलताना त्यांची नजर थिएटरच्या दारावरच्या लाल दिव्यावर होती.

दिवा विझला. त्यांनी हात वर केला.

"लाल गेला."

हात तसाच ठेवून ते थांबले. शेवटी मीच हात वर केला.

"लाल गेला."

त्यांनी हात खाली घेतला. दार उघडेपर्यंत मग त्यांनी जराही आवाज केला नाही.