विष्णू देवस्थळीचं विंबल्डन

विष्णू देवस्थळीला टेनिसमधलं सगळं येतं, फक्त टेनिस येत नाही. हे मी रागानं म्हणते आहे आणि माझा राग रास्त आहे, कारण या माणसासाठी मी शब्द टाकला होता.

विष्णू इथे जर्मनीत, येना शहरात, भिंगांच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. सात वर्षं झाली, तरी एकाही जर्मन माणसानं आपल्याला घरी बोलावलं नाही, हे दुःख तो प्रत्येक मराठी पंगतीत कोशिंबिरीबरोबर वाढायचा. इथे ओळखी फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात होतात, असं कुणीतरी त्याला सांगितलं. मी युनिव्हर्सिटीत शिकवते आणि आमच्या टेनिस फेराइनची आठ वर्षं मेंबर आहे. त्यानं स्वतःचा आणि बायकोचा, ऊर्मिलाचा, असा जोडीनं अर्ज भरला आणि शिफारशीची सही मी केली. पहिलं वर्ष उमेदवारीचं. ते संपलं की ठेवायचं की नाही हे समिती ठरवते. विष्णूनं मात्र दुसऱ्याच दिवशी ऑफिसात केक वाटून ‘मेंबर झालो’ म्हणून जाहीर केलं.

पहिल्या दिवशी साहेब नखशिखांत पांढऱ्यात अवतरले.

“विंबल्डनला क्रीम कलरसुद्धा चालत नाही, मैथिली. पट्टी असेल तर एका सेंटिमीटरच्या आत,” तो म्हणाला.

आमची कोर्टं गवताची नाहीत, लाल विटांच्या चुऱ्याची आहेत. अर्ध्या तासात तो शेंदूर फासलेल्या दगडासारखा दिसायला लागला. पुढचं वर्षभर ते कपडे ऊर्मिला घासत राहिली, आणि हा ते घालून पडत राहिला. सर्व्हिस जाळीत, बॅकहँड शेजारच्या बागेत. पण तोंड? उथळ पाण्याला खळखळाट फार! विंबल्डनचं गवत बरोबर आठ मिलिमीटर उंच ठेवून कापतात. कबुतरं हाकलायला ससाणा पाळलाय. पुरुषांच्या चषकावर अननस आहे, आणि तो का आहे हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. चेंडू शहाऐंशी साली पिवळे झाले. पहिली स्पर्धा अठराशे सत्त्याहत्तरची, तीसुद्धा गवतावर फिरवायचा रोलर दुरुस्त करायला पैसे हवे होते म्हणून. ही शेवटची गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. रोलर कुणीतरी ओढायचा असतो, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

आमच्याकडे रीत साधी आहे. खेळ संपला की जो खेळला त्यानं कोर्टावरून मोठी जाळी ओढायची, कडेकडेनं गोल गोल मधे येत, म्हणजे माती सारखी होते. मग रेघा झाडायच्या आणि पाणी मारायचं. प्रोफेसर असो की प्लंबर, यातून कुणी सुटत नाही. विष्णू खेळ संपला की सरळ बाकावर येऊन बसायचा. आयत्या बिळावर नागोबा.

पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, “विष्णू, आधी जाळी ओढून ये.”

“अगं, विंबल्डनला प्लेअर्स कुठे कोर्ट झाडतात?”

“हे विंबल्डन नाहीये.”

“गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणून तर इथलं स्टँडर्ड हे असं आहे.”

त्यावर बाकावरून ऊर्मिला उठली. कुडत्याच्या बाह्या सारल्या आणि जाळीची दोरी खांद्यावर घेतली. त्या दिवसापासून तो खेळायचा आणि ती ओढायची, असं ठरूनच गेलं.

विंबल्डनच्या फायनलचा रविवार उजाडला. त्याच दुपारी समितीचा निर्णय कळणार होता. विष्णूनं क्लबघरात मॅच दाखवायला पडदा लावला, स्ट्रॉबेरी आणि क्रीमचे वाडगे मांडले आणि आल्या-गेल्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ‘सर्वांत लांब मॅच किती तास चालली?’ “अकरा तास पाच मिनिटं, तीन दिवस मिळून!” त्यानंच सांगितलं आणि स्वतःच टाळी वाजवली. बाहेर ऊर्मिला त्याच्या सकाळच्या खेळाच्या रेघा झाडत होती.

समितीचे अध्यक्ष हेर ब्रांट आत आले. सत्तरीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी ऊर्मिलालाही आत बोलावलं.

“फ्राऊ देवस्थळी, फेराइनमध्ये तुमचं स्वागत आहे,” त्यांनी तिचा हात हातात घेतला. “हेर देवस्थळी, तुमच्या बाबतीत समितीचा नकार आहे.”

विष्णूच्या हातातला चमचा तसाच राहिला. “पण ती तर खेळतच नाही!”

“आल्झो, म्हणजे कसं, खेळ शिकवता येतो,” ब्रांट म्हणाले. “वर्षभर तुमचं कोर्ट त्यांनी एकट्यांनी ओढलं. ते सगळ्यांना दिसत होतं.”

सगळ्यांना, हा शब्द म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात स्ट्रॉबेरी होती. मी वाडगा खाली ठेवला.

विष्णूनं पडदा गुंडाळायला घेतला. त्याचा चेहरा पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? “चल, घरी जाऊ,” तो बायकोला म्हणाला.

“अहो, तुम्ही व्हा पुढे,” ऊर्मिला म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. हाताला लाल माती लागली होती, ती तिनं ओढणीला पुसली.

“मैथिलीताई, मला शिकवाल? मला पहिल्यापासून खेळायचंच होतं. पण मला कुणी विचारलंच नाही.”