जगबुडी मागं घ्या, महाराज

धरणात म्हशीचं पोट भिजेल एवढंही पाणी नव्हतं, आणि ते धरण फुटून जग बुडणार म्हणून आमचं अख्खं गाव माळावर जाऊन बसलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं तिखटमीठ लावलं.

आमचं गाव बीडकडच्या पालीजवळ, बिंदुसरेच्या धरणाच्या खालच्या अंगाला. चैत्रातल्या सप्ताहात एक महाराज कीर्तनाला आले होते. आवाज इतका गोड, की मीसुद्धा हातातलं काम टाकून बसले. रंगात आल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं, आखाडातल्या अवसेला हे धरण फुटणार आणि इथूनच जगबुडीला सुरुवात होणार. घ्या! एरवी आमच्या गावात साधी नळयोजना सुरू होत नाही, आणि जगबुडी म्हणे आमच्यापासून सुरू होणार. मी फिस्सकन हसले, तर शेजारच्या काकूंनी मला कोपरानं ढोसलं. त्या रडत होत्या.

लोकांनी मनावर घेतलं त्याला कारण होतं. कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला आमच्याकडं नारदाची गादी म्हणतात. तिथं उभं राहून खोटं बोलायचं नाही, हे लहान लेकरालाही माहीत असतं. म्हणजे तिथून सांगितलं ते खरंच असणार, असं गावानं धरलं. कुणी घराची गिलाव्याची कामं थांबवली. कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, बुडवायच्या कशाला म्हणून. करा म्हणावं! माझं काय जात होतं?

माझं जात होतं ते मामांच्या डोळ्यात. मामा म्हणजे माझे सासरे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा पार पिकलेला. पारायणाला बसायचे तेव्हा शेजारच्याच्या पानाचा आवाज ऐकून स्वतःचं पान उलटायचे, आणि ओव्या पाठ होत्या म्हणून निभावून न्यायचे. कुणाला कळत नव्हतं. मला कळत होतं, कारण घरी हाच माणूस गूळ समजून चटणीचा गोळा तोंडात टाकायचा. बीडच्या दवाखान्यात चकरा मारून, रांगांमध्ये भांडून मी ऑपरेशनची तारीख मिळवली होती. ती नेमकी आखाडात आली.

"मामा, चला, कपडे घाला. आज दवाखान्यात जायचंय."

"कावून?" मामा खाटेवरून हललेसुद्धा नाहीत. "अवसेला समदं बुडायचंय. बुडताना बघायला डोळा करून घिऊ का?"

मी ओरडले, आदळआपट केली, जेवण वाढलं नाही. शेवटी मीच वाढलं. तारीख गेली.

आखाडातली अवस म्हणजे दिव्याची अवस. सकाळपासून बोचकी घेऊन लोक माळाकडं निघाले. आमचे हेही मामांचा हात धरून निघाले. मी म्हटलं, तुमचा तरी विश्वास हाय का? तर म्हणाले, "न्हाई. पण सगळे चाललेत ना." मी गेले नाही. मी घरातले सगळे दिवे चिंचेनं घासले, कणकेचे गोड दिवे उकडले आणि एकटीनं तूप घालून खाल्ले. इतकं निवांत जेवण मी लग्नानंतर कधी केलं नव्हतं. दिवस मावळायला लागला तशी माणसं खाली उतरू लागली, उन्हानं काळवंडलेली, भुकेली, एकमेकांकडं न बघणारी. मी दारात उभी राहून एकेकाला विचारत होते, "काय, बुडालं का?"

वाटलं, झालं, आता मामा येतील दवाखान्यात. कसलं काय! आठवडाभरात महाराजांचा आवाज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्यांनी म्हणे अनुष्ठान करून जगबुडी पुढं ढकलली होती. आता ती कोणत्याही अवसेला येऊ शकते, तयारीत राहा. मामा ते तीनतीनदा ऐकायचे आणि मान डोलवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तारीख तरी होती तोवर बरं होतं. तारीख सरते. ह्या बिनतारखेच्या जगबुडीचं काय करायचं?

डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनी साफ सांगितलं, "आणखी थांबलात तर आत दाब वाढेल आणि डोळा कायमचा जाईल. मग मला काही करता येणार नाही." घरी येऊन मी मामांच्या पुढ्यात बसले. या वेळी ओरडले नाही. मला रडायला आलं, आणि मामांना ते आवाजावरून कळलं. ते उपरण्याचं टोक चाळवू लागले.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "गादीवरून सांगितलेलं मी माझ्या मनानं कसं मोडू? त्यांनी ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं मागं घेऊ दे. मग मी येतो. तू म्हणशील तवा येतो."

बास! मला एवढंच पाहिजे होतं.

श्रावणात आमच्याकडं दुसरा सप्ताह असतो, आणि काल्याच्या कीर्तनाला तेच महाराज ठरलेले होते. सप्ताहात एक वीणा असते. सुरुवातीला ती कुणीतरी गळ्यात घेतो आणि समाप्तीपर्यंत ती जमिनीवर टेकत नाही. पहारे लावून माणसं उभी राहतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. घेणारा आधी धरणाऱ्याच्या पाया पडतो. आणि एक नियम पक्का आहे, वीणा हिसकायची नाही. ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं स्वतःहून दिली तरच घ्यायची. तिच्याशिवाय कीर्तन उभं राहत नाही.

काल्याच्या दिवशी कीर्तनाच्या आधीचा पहारा मी मागून घेतला. काकूंनी कौतुक केलं, फार भक्ती लागली म्हणाल्या.

महाराज आले. गादीवर उभे राहिले, टाळकरी दोन्ही बाजूंना लागले, मृदंगाला कणीक लागली. ठरलेला विणेकरी माझ्या पाया पडला आणि त्यानं हात पुढं केले. मी हललेच नाही.

"द्या माउली," महाराज हसून म्हणाले, "वेळ झाली."

"देते की. आधी एक सांगा महाराज. याच गादीवरून तुमी जगबुडी सांगितली व्हती. ती झाली न्हाई. मग ते खरं व्हतं का खोटं?"

आमचे हे खांबाआडून हातानं 'बस कर, बस कर' खुणावत होते. पुढं बसलेले एक-दोन पंच उठले, पण करणार काय? वीणा माझ्या गळ्यात होती.

"माउली, अनुष्ठानानं टळली ती."

"टळली तर कुठं गेली? आन् धरणात पाणी किती व्हतं त्या दिशी?"

"गुडघ्याला बी नव्हतं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि आधी बायकांत, मग सगळ्या मांडवात हसू फुटलं. महाराजांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तेवढ्यात माझ्यामागून मामा उठले. कुणाचा हात न धरता, चाचपडत, बसलेल्या माणसांच्या खांद्यांना धरत पुढं आले. हसणं आपोआप थांबलं.

"महाराज," हात जोडून मामा म्हणाले, "तुमच्या शब्दासाठी मी डोळ्याचं ऑपरेशन केलं न्हाई. डॉक्टर म्हणत्यात डोळा जाईल. जाऊ द्या, तक्रार न्हाई. फक्त खरं सांगा. तुमाला खरंच दिसलं व्हतं का?"

महाराजांनी मामांच्या त्या पांढऱ्या पडलेल्या बुबुळाकडं पाहिलं. मग त्यांनी हातातले टाळ काढून ठेवले.

"नाही, बाबा," ते म्हणाले. "मला काही दिसलं नव्हतं. लोक घाबरले की मन लावून ऐकतात, म्हणून बोललो. अनुष्ठानही केलं नाही. आजवर बऱ्याच गावांत बोललो. परत आल्यावर जाब विचारणारं हे पहिलं गाव. मी चुकलो. गादीवरून सांगतो, जगबुडी मागं घेतो. तुम्ही डोळा करून घ्या."

आणि ते गादीवरून खाली उतरून मामांच्या पाया पडले. मला खूप काही बोलायचं होतं, पाठ करून गेले होते मी, पण त्यातलं काही लागलंच नाही. मी वीणा उतरवून विणेकऱ्याच्या गळ्यात घातली. काकूंनी सगळ्यांदेखत माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मांडवात टाळ्या पडल्या. कीर्तनात टाळ्या काय नव्या आहेत, पण या माझ्यासाठी होत्या, आणि मी त्या मान वर करून घेतल्या. का घेऊ नये?

कीर्तनही चांगलं झालं, तेवढं मान्य करायला हवं. भीती घालायचं सोडलं तर माणूस गोड गात होता. त्यानंतर गावानं एक ठरवलं. सप्ताहात कुणी बुवानं कशाचीही तारीख सांगितली, तर त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं गावात हजर राहायचं, आमच्याच मारुतीच्या पारावर. जेवणाची सोय गाव करील. तेव्हापासून एकाही बुवानं तारीख सांगितलेली नाही.

मामांनी शब्द पाळला. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना बीडला नेलं. डॉक्टरीणबाई मला जरा रागावल्या, पण डोळा हाती लागला. पट्टी सोडली त्या सकाळी मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बाईंनी बोटं धरून विचारलं, किती दिसतात. मामांनी बोटांकडं पाहिलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते, डोळा बारीक करून.

"तू हायस व्हय गं?" ते म्हणाले. "डोकं लई पांढरं झालं की तुझं. मी आपला आवाज ऐकून अजून तरणीच समजत व्हतो."

मी हसायला गेले आणि ढसाढसा रडले, त्या सगळ्या वॉर्डात. मामांनी मला रडू दिलं. मग ते डॉक्टरीणबाईंकडं वळले.

"बाई, आता दुसऱ्या डोळ्याची तारीख द्या," ते म्हणाले. "आन् जवळची द्या."