मोटर लावू नका, अपडेट चालू आहे

फोन रूट करण्यात काय मजा असते, हे मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर मान खाली घालून पार्ट मोजायचे, घरी येऊन जेवायचं, बातम्या बघायच्या. अशा पन्नाशीला टेकलेल्या माणसानं फोनला केबल लावली आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या की त्याच्या छातीत ढोल वाजतो, हे कुणाला पटलं असतं? पण वाजतो. आत्ता लिहितानाही वाजतोय.

रूट करणं म्हणजे साध्या भाषेत असं. फोन आपण विकत घेतो, पण आतल्या काही खोल्यांना कंपनीचं कुलूप असतं. ते काढायचं आणि किल्ली आपल्या खिशात टाकायची. मग नको असलेली ॲप्स उपटून काढता येतात, जाहिराती बंद होतात, स्वस्तातला फोनही सुसाट पळतो. फक्त एक भानगड असते. आतली एक वीट जरी हलवली तरी कंपनीचं अधिकृत अपडेट त्या घरात पाऊल टाकत नाही. येतं, उंबऱ्यातून आत बघतं आणि परत जातं.

हे सगळं मी स्वतःच्या फोनवर केलं असतं तर लिहायला काही नव्हतंच. मी ते बायकोच्या फोनवर केलं, आणि तिला न सांगता.

नवा फोन आणला तेव्हा तो तिच्या हातात देण्याआधी आठवडाभर माझ्या कपाटात होता. रोज कामावरून आलो की ती देवळात जाईपर्यंत थांबायचो. कुलूप काढलं, रूट केला, कंपनीचा सगळा कचरा साफ केला. मग खोक्याचं सील गमानं पुन्हा चिकटवलं, वरून इस्त्री फिरवली आणि तिला दिला. तिनं ते सील नखानं कसं हलकेच सोडवलं, ते अजून दिसतं मला. "लई भारी पळतो हो," म्हणाली. मला इतका आनंद झाला, आणि त्या आनंदात खरं सांगायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

ती अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं, उंच्या, हजेरी, सगळं फोनवरच्या ॲपमध्ये भरायचं असतं. काही महिन्यांनी तिच्या फोनवर अपडेटची सूचना आली. तिनं दाबलं. फोन बंद होऊन सुरू झाला आणि म्हणाला, अपडेट झाले नाही.

"मीच कायतरी चुकीचं दाबलं असंल," ती म्हणाली.

त्याच क्षणी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "कंपनीच्या सर्व्हरचा घोळ असेल." आणि पुढच्या खेपेला तिला दिसूच नये म्हणून मी ती सूचनाच बंद करून टाकली. किल्ली माझ्याकडे होती ना.

व्हायचं ते झालं. ॲपची नवी आवृत्ती आली आणि ती जुन्या फोनप्रणालीवर चालेना. भरलेली माहिती फोनमध्ये साठायची, पण वर जायची नाही. प्रत्येक नावापुढं एकच शेरा: पाठवणे बाकी. महिन्याच्या बैठकीत पर्यवेक्षिका मॅडम सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "सगळ्यांचे फोन चालतात, तुमचाच कसा काय रुसतो? नीट हाताळत नसाल. शनिवारपर्यंत सगळ्या नोंदी वर दिसल्या पाहिजेत. नाहीतर वजनं घेतलीच नाहीत असं धरीन."

त्या दिवशी ती घरी आली आणि पर्स न काढता पायरीवरच बसली. "घरोघर फिरले मी उन्हात," ती म्हणाली. "ते एक पोरगं शिट्टीवाले बूट काढायलाच तयार नाय, तर बुटासकट वजन केलं, मग बुटांचं येगळं केलं अन् वजा केलं. अन् म्हणं घेतलीच नाहीत. मला नाय जमत हे फोनबिन. सोडून देते काम."

तिला हे काम किती आवडतं ते मला माहीत आहे. मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेलो. आत जाणं हे माझं जुनं कसब.

पण आत जाऊन कॉम्प्युटर लावला आणि शोधायला बसलो. आणि काय सांगू, उपाय होता! त्या मॉडेलचं कंपनीचं अधिकृत अपडेट अख्खंच्या अख्खं उतरवून घ्यायचं. फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा आणि आतली यंत्रणा नव्यानं बसवायची. मी घुसवलेलं सगळं निघून जाईल, फोन पुन्हा कंपनीचा होईल, आणि नीट केलं तर तिची माहिती जागच्या जागी राहील. नीट केलं तर. मधेच खंड पडला तर फोन वीट होऊन बसेल, पुन्हा सुरूच होणार नाही, आणि लेकरांची वजनं आतच गाडली जातील.

शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी. गल्लीची पाण्याची पाळी गुरुवारी होती, ती चुकली होती, आणि लाइनमननं सांगितलं होतं की आता थेट पुढच्या आठवड्यात. ते ऐकून मला बरंच वाटलं. कारण पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम लागतात, आमचा पंखा आळस देतो आणि कॉम्प्युटर पटकन बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्याच्या जोडीचा बॅटरीचा डबा कधीच मेलेला आहे. म्हटलं, पाणी नाही म्हणजे धोका नाही.

दुपारी ती अंगणवाडीतून आली, हातपाय धुऊन जेवली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"अगं, फोन मी बिघडवला."

"कधी? आत्ता?"

"तुला द्यायच्या आधी."

मग सगळं सांगितलं. सील, इस्त्री, बंद केलेली सूचना, सगळं. ऐकता ऐकता तिनं ओट्यावरचं फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं.

"म्हंजी मी कायबी चुकीचं दाबलं नव्हतं?"

"नाही."

"अन् मी म्हणायची माझंच चुकलं, तवा तुम्ही ऐकत बसायचे. बसायचे का नाय?"

"व्हय."

"वा," ती म्हणाली. असं 'वा' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग तिनं फडकं टाकलं. "आता हुतंय का नीट? तेवढं सांगा. भांडण मागून करते मी."

"होतंय. पण माहिती जाण्याची भीती आहे. म्हणून तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

"आज सुचलं इचारायचं!" ती म्हणाली आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं माझ्या शेजारी बसली.

आणि इतकी वर्षं लपून केलेलं काम कुणीतरी शेजारी बसून बघतंय, याची मला अशी काही तरतरी आली की विचारू नका. मी, जो ताटातली भाजी संपली तरी मागत नाही, तो घडाघडा बोलायला लागलो. ही केबल, हा फोन असा दोन बटणं धरून सुरू करायचा, हे बघ कॉम्प्युटरनं त्याला ओळखलं!

"ह्ये खाली तीन गोल कसले?" तिनं विचारलं.

अपडेट बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये खाली तीन पर्याय असतात. पहिला, सगळं पुसा. दुसरा, माहिती ठेवा. तिसरा, सगळं पुसा आणि कुलूप लावा. आणि तो प्रोग्राम उघडतो तेव्हा टिंब आपोआप तिसऱ्यावर असतं. मला हे माहीत होतं. पण बोलण्याच्या भरात माझा माउस सुरू करण्याच्या बटणावर पोचला होता.

"थांबा!" तिनं माझं मनगट धरलं. एकेक अक्षर लावत तिनं तिन्ही ओळी वाचल्या. "हे पुसणारं हाय ना? मधल्यावर घ्या. घेतलं? आता हात काढा, मला बघू द्या." तिनं पुन्हा वाचलं. "हां. दाबा."

दाबलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. माझ्या छातीतला ढोल तिला ऐकू जात असणार. ती पदर तोंडाशी धरून बघत होती. "कवढं झालं?" "पाव." "आता?" "अगं, आत्ताच तर विचारलंस."

आणि गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. "पाणी आलं! ओ, पाणी आलं!"

कुठंतरी लाइन फुटली होती म्हणून पाणी आमच्याकडं वळवलं होतं, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की कोपऱ्यावरच्या घराची मोटर लागली, आणि ट्यूबलाइट थरथरली. कॉम्प्युटरचा पडदा डोळा मिचकावल्यासारखा झाला.

"आता सगळ्या लागतील," मी म्हणालो. "मधेच बंद पडला तर गेलं सगळं."

ती उठली, तशीच अनवाणी बाहेर धावली. मला जागेवरून हलता येत नव्हतं. खिडकीतून फक्त ऐकत होतो.

"मोटर लावू नका! पाच मिन्टं कुणी मोटर लावू नका!"

"का वो वहिनी? शॉक लागला का कुणाला?"

"अपडेट चालू हाय!"

"काय चालू हाय?"

"माझ्या फोनचं! अंगणवाडीच्या लेकरांची वजनं हायेत त्यात! लाइट हलली की सगळी जातेत!"

समोरच्या रिटायर्ड काकांचा आवाज चढला. "आठ दिवसांनी पाणी आलंय, अन् फोनसाठी मोटर बंद ठेवू व्हय? उद्या म्हणाल श्वास घेऊ नका!"

"घ्या की श्वास, कोण नको म्हणतंय! पाच मिन्टं बादलीनं भरा. तुमच्या नातवाचं वजन बी त्यातच हाय, काका. शिट्टीचे बूट घालतो ना, त्योच!"

आता शेजारच्या आपा बोलल्या. त्यांचा आवाज आमच्या गल्लीत कुणी ओलांडत नाही. "ए, बंद करो रे वो कोनेवाली मोटर! भाभी बोल रई ना पाँच मिनट! पानी कहीं भागके जाता क्या?"

"भागके जाताच है, आपा!" कुणीतरी म्हणालं, आणि गल्लीभर हसू पसरलं.

मोटर बंद झाली. ट्यूब स्थिर झाली. पाणी आलेलं आहे आणि एकही मोटर चालू नाही, अशी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकलेली नाही. बादल्यांचा खळखळाट तेवढा. मी हिरव्या पट्टीकडं बघत होतो आणि ओठातल्या ओठात म्हणत होतो, चल, चल, चल.

खिडकीत काकांचं डोकं दिसलं. "झालं का वो?"

"थोडंच राहिलंय."

"दाखवा बरं." ते गजांना धरून बघायला लागले. त्यांच्या मागं आणखी दोघी. "ही पट्टी का? अरे, सरकली! सरकली की!"

पट्टी टोकाला पोचली, क्षणभर तिथंच अडली, आणि मग हिरव्या अक्षरांत आलं, यशस्वी. मी उठलो, खिडकीशी गेलो, आणि गल्लीत ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता तो मी ओरडलो, "लावा! लावा मोटरी!"

सगळ्या एकदम लागल्या. कॉम्प्युटर तिथल्या तिथं बंद पडला. पडू दे! आता सगळं फोनच्या हातात होतं. ती धापा टाकत आत आली. फोनवर कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथंच थांबलं. पहिल्यांदा सुरू होताना वेळ लागतो, हे मी तिला सांगितलं आणि माझं मलाच खरं वाटेना.

"आपली मोटर?" मी विचारलं.

"आपांनी त्यांचा पाइप टाकलाय आपल्या टाकीत. गप बसा."

मग पडदा उजळला. माहिती पुसली गेली असती तर फोननं भाषा विचारली असती, नवा असल्यासारखा. त्यानं विचारली नाही. तिचंच चित्र होतं मागं, कन्नडच्या घाटात भाच्यांबरोबर काढलेलं. तिनं बोटानं कुलपाची खूण काढली, ॲप नवं करून घेतलं, उघडलं आणि पाठवण्याचं बटण दाबलं.

पहिल्या नावापुढची 'पाठवणे बाकी' ही अक्षरं गेली. मग दुसऱ्या. मग भराभर, एकेक लेकरू पंगतीतून उठून जावं तशी. "हे गेलं! हिचं गेलं! अहो, जुळ्यांचं बी गेलं!" ती माझ्या दंडावर चापट्या मारत होती, आणि त्यातल्या काही अगदी साध्या नव्हत्या, हे मला समजत होतं. शेवटचं नाव गेलं तेव्हा आम्ही दोघंही उभे होतो.

मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "आता तुम्ही बोलायचं."

"काय?"

"ग्रुपवर. मॅडम हायेत, सगळ्या सेविका हायेत. मला सगळ्यांसमोर बोलल्या ना त्या? मग सगळ्यांसमोरच सांगा." तिनं आवाजाचं बटण दाबून फोन माझ्या तोंडापुढं धरला.

पट्टी सरकताना वाटली नव्हती एवढी भीती वाटली. "नमस्कार," मी म्हणालो. "आमच्या मिसेसचा फोन..."

तिनं बोट बाजूला सरकवून ते रद्द केलं. "मिसेस काय? सेविका म्हणा. पुन्यांदा."

"नमस्कार मॅडम. या सेविकाबाईंच्या फोनमध्ये जो बिघाड होता, तो मी केलेला होता. त्यांना न सांगता. त्यांनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं, कधीच. सगळ्या नोंदी आज पाठवल्या आहेत. त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्यामुळं."

तिनं बोट सोडलं. गेलं. पुसता आलं असतं, पण दोघांपैकी कुणी हात पुढं केला नाही.

मॅडमचा नुसता अंगठा आला. मग एकीचं हसू, मग दुसरीचा आवाज: "भाऊजी, माझा बी फोन लई गरम होतो वो. बघता का जरा?"

माझा हात आपोआप फोनकडं गेला. बायकोनं तो अलगद बाजूला घेतला आणि स्वतःच बटण दाबून उत्तर दिलं.

"बघतील की. पण माझ्यासमोर."