मधल्या काळाचा टी-शर्ट

या बँडचा चाहता बँडच्या ज्या काळातल्या गाण्यांत रमतो, त्या काळाचा टी-शर्ट घालून कार्यक्रमाला येतो. कपाळावरच्या गंधावरूनही पंथ इतका चटकन ओळखता येत नाही. मैदानाच्या फाटकाशी रांगेत माझ्यापुढे दोन मित्र वाद घालत होते.

"नव्या गाण्यांचं ताट, जुनी फक्त तोंडी लावायला," पोट सुटलेला म्हणाला.

"तुझी जुनी येतात तरी. मधला काळ यांनी पुसूनच टाकलाय." दुसऱ्याचा टी-शर्ट विटलेला होता आणि त्याला खांद्यात ढगळ होत होता.

"रडका काळ होता रे तो!"

"दादाला तोच आवडायचा. हा टी-शर्ट त्याचाच. त्यातलं एक गाणं वाजवलं, तरी मला पुरे."

मित्र वरमला. "वाजवतील रे आज."

आपल्या आयुष्यातला कुठला काळ पुन्हा ऐकू यावा, हे भलत्याच कुणाच्या तरी हातात असतं, आणि त्यांना आपली खबरही नसते.

कार्यक्रम सुरू झाला; मंचावर धूर सोडला, आगीचे लोळ उठवले, नवी-जुनी गाणी झाली. "आमचा सगळा प्रवास आज तुमच्यापुढे मांडला," असं म्हणून गायकाने निरोप घेतला. मधला काळ आलाच नाही.

विटलेला टी-शर्ट जायला वळला. पोट सुटलेला मात्र त्या रडक्या काळातल्या एका गाण्याचं नाव घसा फोडून ओरडत होता. ते नाव मी प्रथमच ऐकत होतो, तरी मीही ओरडू लागलो. मंचावर माणसं वायरी गुंडाळत होती.